उंबऱ्याजवळचा जांभा

पावस गावच्या आत्मारामची नेत्रा म्हणजे जन्माची घाबरट. त्यात रत्नागिरीतल्या एका छोट्या संग्रहालयाने आजच्या सिरॅमिक कलेचं प्रदर्शन मांडायचं काम तिच्यावर सोपवलं, मग काय विचारता! घास उतरेना, डोळा लागेना. कुणाचा धक्का लागला तर? तिने काचेच्या पेट्या करवल्या, त्यांच्या पायांना रबर लावलं, मांजर शिरेल म्हणून खिडकीला जाळीसुद्धा मारली. एक जरी वस्तू फुटली तरी नोकरी गेली, हे तिनेच ठरवून टाकलं होतं.

एका वस्तूची मात्र तिला काडीची काळजी नव्हती. राही नावाच्या कलावतीने माती भाजून पोकळ चिरा केला होता, हुबेहूब जांभ्या दगडाचा, भोकांसकट. आल्यागेल्याचं स्वागत आपल्या मातीने व्हावं म्हणून नेत्राने तो दारातच, उघड्यावर मांडला. दगडाला काय होतंय!

उद्घाटनाला तिने वडिलांना बोलावलं. "मडकी मांडायला पगार देतात?" म्हणून वर्षभर हिणवणारा तो बाप धुतलेला सदरा घालून, पिशवीत नारळ घेऊन आला. नेत्रा आत दिवे तपासत होती, तेवढ्यात दारातून त्याने देवाला घातलेलं गाऱ्हाणं ऐकू आलं.

"बा देवा म्हाराजा, माज्या लेकीच्या कामाला यस दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले लोक ओरडले.

नेत्राला भरून आलं. बापाने तिच्या कामासाठी असं कधी मागितलं नव्हतं. आणि मग एकदम तिला दारात काय ठेवलंय ते आठवलं. अहो, दारात दगड दिसल्यावर कोकणातला माणूस नारळ दुसरीकडे कुठे फोडणार? ती धावली. खळ्ळकन आवाज झाला. नारळ अख्खा राहिला, चिरा फुटला.

उद्घाटनाला आलेली राही गर्दीतून धावत पुढे आली. आत्माराम हातातल्या नारळाकडे बघत पांढराफटक पडला होता.

"नारळ फुटला नाय गो. दगड कसा फुटला?"

"बाबा, तो मातीचा होता. ह्या राहीताईंनी केलेला."

त्याने खांद्यावरचा पंचा पसरला आणि एकेक तुकडा वेचायला घेतला. मान वर न करता विचारलं, "आता तुला काढतील काय गो?"

महिनाभर हाच प्रश्न तिला पोखरत होता. ती राहीकडे वळली. "चूक माझी. दारात दगड मी ठेवला." मग बापाला म्हणाली, "छे ओ बाबा, मला कोण काढतंय?"

त्याला ते खरं वाटलं. तो उरलेले तुकडे वेचू लागला, आणि नेत्रा, तिला स्वतःला ते जराही खरं वाटत नसताना, त्याच्या शेजारी वेचायला बसली.