उभ्या गाडीचं पेट्रोल

ती घटना आजही आठवते. विसरायचा प्रयत्न करून झाला. शेवटी चोर सापडतो आणि वरिष्ठ पाठ थोपटतात, अशा आठवणी माझ्याकडेही आहेत. त्या नातवंडांना सांगतो. ही त्यांना कधी सांगितली नाही.

मी तेव्हा बदलापूरला सहायक पोलीस निरीक्षक होतो. कुळगावच्या बाजूच्या एका नव्या सोसायटीतून तक्रार अर्ज आला. अर्जदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. दिवाळीनंतर मुलाकडे परदेशी गेले आणि तीन महिन्यांनी परतले. थंडीत गाडी पडून राहणार, टाकी अर्धी असली तर आत पाणी धरतं, असं कोणीतरी सांगितल्यामुळे जाताना त्यांनी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. परत येऊन बघतात तर काटा तळाला. किलोमीटर मात्र जातानाचेच. त्यांनी फोटो काढून ठेवला होता. असा पुराव्यानिशी येणारा अर्जदार पोलिसांना फार आवडतो. सोबत सोसायटीच्या कमिटीने मोबाइलवर सीसीटीव्हीची क्लिप पाठवली होती. वॉचमन टाकीपाशी वाकलेला, हातात नळी आणि प्लास्टिकची बाटली. मी तिथेच मनातल्या मनात प्रकरण निकाली काढलं.

वॉचमन पन्नाशी उलटलेला, तिथलाच गावकरी. बायको त्याच सोसायटीत सहा घरची धुणीभांडी करायची. दोघं पंपाशेजारच्या खोलीत राहायची. गाडीची चावी त्याच्याकडे होती, ती गृहस्थांनीच दिलेली, अधूनमधून इंजिन चालू कर म्हणून.

त्याला सकाळपासून ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. नुसतं बसवणं ही अर्धी चौकशी असते. येणारा-जाणारा बघतो आणि माणूस आतून ढिला होत जातो. दुपारी आत घेतलं.

"पेट्रोल कुठे गेलं?"

"साहेब, मी रोज गारी चालू करायचो. त्यांनीच सांगलंता."

"गाडी एक किलोमीटर हललेली नाही. मग टाकी कशी रिकामी झाली?"

"ते मना काय ठावं? शेवटी शेवटी चालूच होत नव्हती. मंग माझ्या स्कूटीतलं बाटलीभर काढून ओतलं."

हवालदार खो खो हसला. "स्वतःचं पेट्रोल दुसऱ्याच्या गाडीत ओततो? धर्मादाय पंप आहेस काय रे?"

मीही हसलो. मग त्याच्या कानाखाली एक वाजवली. हवालदाराने नाही, मी.

संध्याकाळी तो कबूल झाला. माल कुठे विकला विचारल्यावर म्हणाला, उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, एका दुकानात. कुठलं दुकान ते आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान दाखवायला त्याला जीपमधून नेलं. बाजारात तासभर फिरलो. प्रत्येक दुकानापुढे तो थांबायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, मी काही बोललो नाही की पुढे चालायचा. एक सिंधी दुकानदार न राहवून म्हणाला, "साब, ये क्या बेचेगा? इसको तो बाजार का रास्ता नहीं मालूम." मी त्याला आपलं काम बघायला सांगितलं.

आमच्या जीपची बॅटरी महिनाभर उतरलेली होती. बंद केली की धक्का मारावा लागे, म्हणून ड्रायव्हरने ती तासभर चालूच ठेवली होती. परत येऊन बसलो तर त्याने सवयीप्रमाणे लॉगबुक पुढे केलं.

"साहेब, सही. जाण्याचे किलोमीटर, आणि एक तास उभी चालू."

उभ्या गाडीचं डिझेल वेगळं दाखवावं लागतं, नाहीतर मेळ बसत नाही. प्रत्येक बंदोबस्तात, वर्षानुवर्षं, मी त्या रकान्याखाली सही करत आलो होतो. त्या दिवशी पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

मागे बसलेल्या वॉचमनला वळून विचारलं, "रोज किती वेळ चालू ठेवायचास?"

"बागेला पानी घालून होईपर्यंत. पाऊण तास."

"एवढा वेळ कशाला?"

"थंडीत गारी आखडते बोलले ते. मना वाटलं, जास्त चालवली तं बरी राहील."

ड्रायव्हरने बोटांवर हिशेब केला. तीन महिन्यांत टाकी रिकामी झाली नसती तरच नवल.

तसेच सोसायटीत गेलो आणि त्या क्लिपच्या दिवसाचं पूर्ण चित्रण मागवलं. वॉचमन येतो तेव्हा बाटली भरलेली असते, जाताना रिकामी. कमिटीने मधला तुकडा तेवढा पाठवला होता. पूर्ण मागायचं मला सुचलं नव्हतं.

अर्जदार म्हणाले, "पण मी तर आठवड्यातून दहा मिनिटं सांगितलं होतं." सेक्रेटरी म्हणाले, "आता एजन्सीचा माणूस आलाय, काय करणार?" एका दिवसात खोली रिकामी झाली होती. बायकोची सहाही घरं सुटली होती.

आठवड्याने तो ठाण्यात आला. चालत, स्कूटी विकली होती.

"साहेब, मी चोर नाय, असा कागद द्या. कुठं कामाला गेलो तं इचारतात."

ठाण्यात मोबाइल हरवल्याचा दाखला मिळतो, पासपोर्ट हरवल्याचा मिळतो. गुन्हा दाखल झाला असता तर निदान कोर्टाचा निकाल त्याच्या हातात पडला असता. पण होता नुसता अर्ज, आणि तो मी 'तथ्य आढळून आले नाही' असा शेरा मारून दप्तरी दाखल केला होता. तरीही साध्या कागदावर चार ओळी लिहून सही-शिक्का देता आला असता. पण मग विषय निघाला असता, कानाखालीचाही निघाला असता. मी घाबरलो.

"तशी पद्धत नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला आणि गेला.

या प्रकरणाने काय शिकवलं? उभी गाडीही इंधन पिते, हे मला आधीच ठाऊक होतं. त्यावर माझ्याच सह्या होत्या. त्या माणसाने पहिल्या दोन उत्तरांत सगळं खरं सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला नाही, कारण त्याच्या जागी मी असतो तर स्वतःचं पेट्रोल ओतलं नसतं. दुसऱ्याची नियत मी आयुष्यभर माझ्याच मापाने मोजली, आणि त्यालाच अनुभव म्हणत आलो.

त्या चार ओळी आज लिहितोय. तो चोर नव्हता. त्याने एक थेंबही घेतला नाही, उलट आपल्याकडचं घातलं. मारलं ते मी, आणि चूक माझी होती. पण त्याचं नाव इथेही लिहिता येत नाही. छापलं तर लोक चोरी तेवढी लक्षात ठेवतील. आणि नाव नसलेला असा कागद घेऊन तो कुठल्या गेटवर उभा राहणार?