चोरलेला बेस आणि महिनाभराची थर्ड शिफ्ट

गेल्या हंगामात अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त बेस कोण चोरतंय, याची खडानखडा माहिती अख्ख्या बोईसरच्या कारखान्यांत फक्त मला होती. तिचा ना अमेरिकेला उपयोग होता, ना बोईसरला. तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे सकाळी संपतात. थर्ड शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर मी मोबाईल उघडायचो आणि चुरचुरत्या डोळ्यांनी यादी वाचून दाखवायचो. पहिल्या नंबरवाल्याने काल दोन चोरले, तिसऱ्याची मांडी आखडलीय, वगैरे. समोरचा गडी चेंडू टाकायला हात उचलतो तेवढ्यात पुढच्या बेसकडे, म्हणजे पुढच्या ठाण्याकडे, सुसाट सुटायचं, ही ती चोरी. आमचे प्रॉडक्शनचे गडी जांभया देत ऐकायचे. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, रात्रपाळीने पिवळे पडलेले.

तेवढ्यात आमचे मोठे साहेब परदेशातून ट्रेनिंग करून आले आणि वार्षिक खेळांत क्रिकेटच्या जागी बेसबॉल ठेवला. प्रॉडक्शन विरुद्ध मेंटेनन्स. जिंकणाऱ्यांना महिनाभर थर्ड शिफ्ट माफ, हरणाऱ्यांनी त्यांची भरून काढायची. हे ऐकून आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. महिनाभर रात्री झोपायचं! यादी वाचणारा म्हणून कोच अर्थातच मी. मी शिट्टी विकत घेतली, टोपी उलटी घातली आणि साध्या माणसाशी बोलणंच बंद केलं.

आमचा हुकमी एक्का मुरबे गावचा. तरुणपणी कबड्डीत चढाईला गेला की समोरची फळी कापायची, असं त्याचं नाव होतं. पोट सुटलं होतं, पण पाय अजून मांजराचे. त्याला मी चोरी शिकवली. कधी सुटायचं, डोकं कसं खाली ठेवायचं, सगळं साभिनय. सामन्याच्या सकाळी त्याने विचारलं, "भाऊ, तिथं पोचलो का मंग काय करायचा?"

मी टोपी सावरली. "आधी पोच तर खरा."

शेवटचा डाव. एका धावेने आम्ही मागे, एकच गडी बाद व्हायचा बाकी, आणि हा पहिल्या बेसवर. मी शिट्टी फुंकली. असा सुटला की मेंटेनन्सवाले नुसते बघत राहिले. धूळ उडाली, दुसऱ्या बेसला हात लागला, पंचाने हात पसरले, म्हणजे नाबाद. आमच्या मंडळींनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आणि धुळीतून उठून, बेसला शिवून झालेला आमचा एक्का त्याच वेगाने उलटा पळत पहिल्या बेसकडे आला. कबड्डीत शिवलं की परत यायचं असतं, नाहीतर गडी बाद. चाळीस वर्षं पायांत मुरलेलं ते. पहिल्या बेसवर मेंटेनन्सचा फिटर चेंडू हातात घेऊन उभाच होता. त्याने तो हळूच ह्याच्या खांद्याला टेकवला. गडी बाद, सामना गेला.

"शिवला ना मी त्याला," एक्का मला म्हणाला. "परत नाय यायचा?"

पुढचा महिना सगळ्या खात्याने त्याला उलटा घोडा म्हणून हैराण केलं. मीही केलं, सर्वांत मोठ्या आवाजात. त्याने काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

शेवटी एका सकाळी पालघरला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मला राहवेना. मी उभा राहिलो, दांडा धरला, घसा खाकरला आणि सगळं कबूल केलं. चूक त्याची नव्हती, कोचची होती. हातवारे करून, थांबे घेऊन छान सांगितलं. संपवून पाहिलं तर पुढून मागपर्यंत सगळे गाढ झोपलेले. एक्का खिडकीला डोकं टेकून घोरत होता.

आरशातून ड्रायव्हर तेवढा बघत होता. "बैठ जाओ साब," तो म्हणाला. "आगे मोड़ है."