उभ्याने चालवायचं खुरपं

मंडळी, आज संध्याकाळी मी परसातल्या वांग्यांच्या दोन ओळी स्वतः खुरपल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची मनाई केली आहे. न बसता खुरपं चालत नाही, म्हणून तीन महिने तण माजत गेलं. "आता तिथे लाद्या घालू," असं ह्यांनी ठरवूनही टाकलं. मी नाही म्हटलं आणि सकाळीच बाहेर पडले.

रोह्याच्या बाजारात एकाने कुदळ दिली. तिने वांग्याची मुळंच तुटली असती. दुसऱ्याने फावडं दाखवलं, पण मला माती उपसायची नव्हती. मग पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात गेले. तिथे एक लोहारीण मावशी भेटली.

"तण मोठं हाय का बारीक?" तिने विचारलं.

"बारीक. पण मला खाली बसता येत नाय."

"मग सरळ उभी रहा गो."

तिने माझ्या खांद्यापर्यंत दांडा मोजला, पातळ पातं आत वाकवलं आणि म्हणाली, "ह्याने मारायचं नाय. मातीत टेकवायचं नि आपल्याकडं ओढायचं."

घरी तसंच केलं. तण मुळासकट निघालं, रोपांना धक्का लागला नाही. हे पायरीवरून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "दे, एक ओळ मी करतो."

मी दिलं नाही.

तुमच्यापैकी कोणी गुडघ्यांमुळे बाग सोडली आहे का? मला लिहा. आणि तुम्ही तण कशाने काढता, तेही सांगा. माझ्या मिरच्या अजून बाकी आहेत.