सुनेच्या नंबरावर मी बसलो

सन दोन हजार आठ. मी चौसष्ट वर्षांचा होतो. कुडपणच्या खालच्या अंगाला आमचं गाव. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण गावात कोणी मला अडाणी म्हणून दाखवावं.

सून बालवाडीच्या बाईंचा कोर्स करत होती. त्यातलं अर्धं शिकणं महाडला, रविवारी, बाईंच्या समोर. उरलेलं पोलादपूरला कॉम्प्युटरवर. तिथं आपला नंबर टाकायचा, धडा बघायचा, शेवटी दहा प्रश्न सोडवायचे. सगळे धडे झाले की परीक्षा. एकच विद्या अशी दोन गावांत कशाला वाटून ठेवली, ते मला कळेना. विचारणार कोणाला?

भातलावणीला आमच्यात सावड असते. आज तुमच्या शेतात आमच्या घरचं माणूस, उद्या आमच्या शेतात तुमचं. त्या बुधवारी सून सावडीला गेली आणि तिचा धडा नेमका त्याच दिवशी. माझे गुडघे चिखलात टिकत नव्हते. म्हटलं, घरचं माणूस गेल्याशी कारण. फळीवरची तिची नंबराची चिठ्ठी घेतली नि पोलादपूरची गाडी पकडली.

तिथल्या पोरीनं विचारलं, कोणाचा नंबर? मी म्हटलं, आमच्या घरचा. तिनं धडा लावून दिला. बोलणारी बाई दिसेना, नुसता आवाज. प्रश्न मात्र मी वाचले, एकेक अक्षर लावून. मूल रडत असेल तर काय कराल? मी ‘लक्ष देऊ नये’वर दाबलं. चार पोरं अशीच वाढवली होती. दहात दोन आले. घरी बोललो नाही. सून दमून आली होती.

रविवारी बाईंनी तोच धडा तिला वर्गात करून दाखवायला सांगितला. ती म्हणाली, मी अजून बघितलाच नाही. बाईंनी दोन मार्क दाखवले. नंबर दुसऱ्याला दिलास, परीक्षेला बसता येणार नाही, म्हणाल्या.

ती रडत घरी आली. मी सांगून टाकलं. सावडीत घरचं कोणीही चालतं, मग इथं काय बिघडलं, ते मला खरंच उमगत नव्हतं.

“आबा, माझ्या वाटचं तुमी जेवलात तर माझं पोट भरंल काय?” ती म्हणाली.

चुलीपासून घरची बोलली, “तिसरी पास व्हते, आता बालवाडीत नापास झाले.”

कोणी हसलं नाही. मी तर मुळीच नाही. सगळी रात मी डोकं लढवलं. मी तर घरचाच. दुसरा कसा झालो?

सकाळी पहिल्या गाडीनं महाड गाठलं. बाई म्हणाल्या, काय झालं ते तुमच्या हातानं लिहून द्या, मी वर विचारून बघते. पायरीवर बसून लिहिलं. चार ओळींना तासभर लागला. त्या दिवशी खुर्चीत मी होतो, सून शेतात होती, तिला ठाऊक नव्हतं. खाली सही केली, कागद बाईंच्या हातात दिला आणि त्या वाचेपर्यंत टोपी काढून उभा राहिलो.