सुलक्षणाबाईचा ट्रंक कॉल

माझं नाव क्षमा. आईवडिलांनी ते कुठल्या आशेवर ठेवलं, त्यांचं त्यांना ठाऊक. समोरच्या चाळीतल्या सुलक्षणाबाईच्या बाबतीत तरी मी त्या नावाला एक दिवसही जागले नाही, आणि त्या बाईनेही मला तशी संधी दिली नाही.

चोपन्न साल होतं. घाटकोपरला आमच्या गल्लीत टेलिफोन एकच, तो आमच्याकडे. माझे यजमान विद्याधर डॉक्टर. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे आमचं बिऱ्हाड. फोन पेशंटांसाठी घेतलेला, पण गल्लीला वाटायचं तो सार्वजनिक नळ आहे. विद्याधरांना कुणाला नाही म्हणता येत नसे. ते काम माझ्याकडे होतं आणि मी ते चोख बजावत असे.

सुलक्षणाबाईने मला विचारलंच नाही. तिने विद्याधरांना दवाखान्यात एकटं गाठलं. ही बाई मूळची मालवणकडची. बावीस वर्षं गिरणीत घालवली, मग बायका कमी केल्या तेव्हा घरी बसली. नवरा सहदेव, पोराचे 'दादा', साकीनाक्याला एका कारखान्यावर पहारेकरी. एकुलता एक मुलगा जयवंत, अठरा वर्षांचा. बाईचा बाप पहिल्या लढाईतला हवालदार, म्हणून तिने हट्टाने पोराला पलटणीत धाडलं. तो तिकडे दूर ट्रेनिंगला. छावणीबाहेर त्यांच्या गावच्या माणसाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात फोन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकराच्या सुमाराला तो तिथून ट्रंक कॉल लावणार आणि ती आमच्याकडे घेणार, असं परस्पर ठरलं. मला कळलं ते ती दारात उभी राहिल्यावर.

आणि काय तो थाट! शुक्रवारपासून तयारी चाले. मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या. दोन दिवस पान-तंबाखू बंद. चाळीच्या नळावर एका हाताने हंडा भरताना दुसऱ्या हाताने पितळी पेला कानाला लावून ही बाई मोठमोठ्याने भाषण घोकायची, आणि माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ते ऐकू यायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून जे जे बोलायचं त्याची एकेक गाठ पदराला मारायची. रविवारी दहालाच येऊन बाकावर बसायची. पेशंट ताटकळत उभे, आणि हिने बाकाचं निम्मं लाकूड अडवलेलं.

मी म्हणायचे, "सुलक्षणाबाई, जरा सरका." ती ढिम्म हलत नसे. मी चहा विचारला तर उत्तर नाही. निघताना "येते" नाही, उपकाराचा शब्द नाही. वर, मी रिसीव्हर हातात दिला की पदराने खसाखसा पुसून मगच कानाला लावायची. जसा काही माझ्याच घरात मला महारोग झाला होता! त्या पुसण्याने माझं डोकं जितकं फिरलं तितकं सासूच्या बोलण्यानेही कधी फिरलं नाही.

कॉल तीन मिनिटांचा. त्या तीन मिनिटांत पोराला तोंड उघडायला ती फट ठेवत नसे. "मी बरी असंय, तुझो बापूस बरो असा, नीट खा, साहेब सांगता ता आयक," एकेक गाठ सोडत गाडी सुसाट. मध्ये एखादं "हां, हां" आणि मोठं हसू. मग फोन ठेवून दारातल्या बायकांना वृत्तांत. जयवंत म्हणतो, रोज दूध-अंडी मिळतात. जयवंत म्हणतो, साहेबांनी पाठ थोपटली. मी मनात म्हणायचे, बाई गं, तो बोलला कधी? पण तिच्या वाटेला कोण जाणार.

सहाव्या खेपेला, मार्गशीर्षात, ती येऊन बसली. फोन वाजला. आमच्याकडचा नियम असा, की रिसीव्हर आधी घरच्यांनी उचलायचा. मी उचलला. एक्स्चेंजची बाई "बोला" म्हणाली. समोर सुलक्षणाबाईने हात पुढे केला, दुसऱ्या हातात पदर, पुसायला तयार. तो पदर बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, थांब जरा, माझा फोन आहे. केवळ खुनशीपणाने मी तो जरा वेळ कानाशीच धरून ठेवला.

"आई, आज तू बोलू नको," पलीकडून जयवंत म्हणाला. तो रडत होता. "सहा महिने सांगतोय, तू ऐकूनच घेत नाहीस. बुधवारी आमची शपथ आहे. एकदा शपथ झाली की सुटका नाही. त्याआधी दादांना पाठव, ते येऊन बोलले तर मला सोडतील. पत्रात कसं लिहू? अनंतमामा सगळ्या चाळीपुढे वाचतो. आई, माझ्याने होत नाही गं इथं."

तिने रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला, पुसला आणि कानाला लावला.

"हां, जयवंता! मी बरी असंय," सुरू झाली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसत होती. "पत्रात लिवलंस तशी बुधवारी शपथ ना रे? छाती काढून उभो रव. आमच्या घराण्यात कोण रडान परत इलो नाय!" पदराची शेवटची गाठ सुटली. तीन मिनिटं संपली, लाइन तुटली हे मला बाजूला उभं राहून कळलं, तरी ती बोलतच होती. मग रिसीव्हर ठेवून ती दारातल्या बायकांकडे वळली. "माझो झील म्हणता, आवशी, काळजी करू नको, मी मजेत असंय."

"तो असं म्हणाला नाही," मी म्हटलं.

ती बायकांशीच बोलत राहिली. मी पुढे होऊन तिचा दंड धरला, तिला माझ्याकडे वळवलं आणि तोंडावर तेच पुन्हा ओरडून म्हटलं.

"चोरून आयकतंस?" ती कडाडली. "शिकली-सवरलेली बाय तू, आणि दुसऱ्याच्या पोराचो फोन आयकतंस? तुका माझा बरा बघवत नाय. पयल्या दिसापासून नाय!"

"नाहीच बघवत!" मी म्हटलं. पेशंट बघत होते, विद्याधर आतून "अगं, अगं" करत होते. "खोटारडी आहेस तू. सहा महिने गल्लीला थापा मारते आहेस!"

ती पायऱ्या उतरून चालू लागली. मी तिच्या पाठीमागून हाका मारल्या. एक, दोन, तीन. तिसरी तर इतकी मोठी की कोपऱ्यावरचा वाणी बाहेर आला. ती वळली नाही. तिच्या चालीतसुद्धा फरक पडला नाही.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. "सरका" म्हटलं तरी न सरकणारी, चहाला उत्तर न देणारी, सगळ्या जगाशी ओरडून बोलणारी बाई. बावीस वर्षं गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात उभी राहिलेली बाई. तिने सहा महिन्यांत पोराचा एक शब्दही ऐकला नव्हता. कान गेलेत हे कुणाला कळू नये म्हणून ती दोन्हीकडचं बोलणं स्वतःच रचत होती.

खरं सांगते, तरीही माझा राग गेला नाही. जेवायला बसले. मनात म्हटलं, मरू दे, मला काय करायचंय. खोटं बोलली, भोगू दे. आणि मग त्या पोराचं "होत नाही गं" आठवायचं. तीन वाजता मी पायात चपला सरकवल्या आणि चाळीत गेले. विद्याधरांनी विचारलं कुठे, तर त्यांच्यावरही खेकसले.

रविवारची दुपार, सगळी चाळ गॅलरीत. कुणी डाळ निवडतंय, कुणी वेणी घालतंय, अनंतमामा वर्तमानपत्र घेऊन बसलेले. सहदेव ड्यूटीवरून येऊन नुकताच जेवायला बसला होता. सुलक्षणाबाई उंबऱ्यात उभी राहिली, वाट अडवून.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळू म्हटलं, "जयवंत रडत होता."

"काय?" ती म्हणाली.

जरा मोठ्याने म्हटलं. "काय?" गॅलरीतल्या माना वळल्या. लिहून द्यावं तर तिला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारे अनंतमामा. सकाळी तिला चारचौघांत खोटारडी म्हणताना माझी जीभ अडली नव्हती, आता अडली. ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग तिने एकदा त्या बायकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मोठ्यान बोल," ती म्हणाली. "आयकू दी सगळ्यांका."

मी ओरडले. त्याचा शब्दन् शब्द ओरडून सांगितला: बुधवारची शपथ, दादांना पाठव, सहा महिने सांगतोय, माझ्याने होत नाही. दूध नाही, अंडी नाहीत, साहेबांनी पाठ थोपटली नाही. सगळ्या चाळीने ऐकलं. कुणी हसलं नाही, हे त्या चाळीचं एक बरं म्हणायचं. आत सहदेव अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतला आणि खुंटीवरचा कोट काढून गाडीचं वेळापत्रक अनंतमामांना विचारायला गेला.

सुलक्षणाबाई उंबऱ्यातच होती.

"तो रडत होतो?" तिने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"आणि तेवा मी काय बोललंय तेका?"

मी सांगितलं. पण ते काही माझ्याच्याने ओरडून सांगवलं नाही. तिने माझ्या ओठांवरची नजर काढली नाही, आणि पुन्हा "काय?" म्हणूनही विचारलं नाही.