सात देश आणि माझा उजवा डोळा

निवृत्त झाल्यावर तीन वर्षं मी बऱ्यापैकी निरुपद्रवी होते. चौथ्या वर्षी एका प्रकाशकानं मला अनुवादाचं काम दिलं आणि आमच्या घरातली शांतता संपली. हे मत माझं नाही, माझ्या नवऱ्याचं आहे.

पुस्तक जाड होतं. विकसित देशांमधल्या आरोग्यव्यवस्थांची तुलना, असा त्याचा विषय. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि जपान. कुठला देश लोकांच्या तब्येतीची काळजी कशी घेतो, त्यात कुठे कमी पडतो, उपचार वेळेवर मिळतात का, सगळ्यांना मिळतात का. मी भिवंडीच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. सात देशांच्या दवाखान्यांशी माझा काही संबंध नव्हता, पण महिन्याभरात मी त्या विषयावर अशी बोलायला लागले, जणू त्या देशांची मंत्रिमंडळं माझ्या सल्ल्यावाचून खोळंबली आहेत.

जेवताना माझी व्याख्यानं चालत. "इंग्लंडमध्ये सगळा खर्च करातून होतो. दवाखान्यात गेलं की कुणी खिशाकडे बघत नाही."

"बरं," नवरा म्हणे. "आमटी सरकव."

"जर्मनीत विमा सक्तीचा आहे. विमा नसलेला माणूस त्यांना चालतच नाही."

"आणि नेदरलँड्स?"

"तिथं अजून पोचले नाही. बहुतेक गुरुवारी पोचेन."

नवऱ्याचं धामणकर नाक्याजवळ लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, सुट्या भागांचं दुकान होतं. ते आता पुतण्या बघतो. त्यामुळे नवऱ्याला ऐकायला भरपूर वेळ होता आणि माझी टिंगल करायला त्याहून जास्त.

नेदरलँड्सला पोचले तिथेच अडकले. तिथं म्हणे आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं. त्यानं चिठ्ठी दिली तरच पुढच्या मोठ्या डॉक्टरकडे. अशा पहिल्या डॉक्टरला पुस्तकात जो शब्द होता त्याला मी 'द्वारपाल' लिहिलं. वाचून बघितलं तर डोळ्यांपुढे गदा घेऊन उभा राहिलेला डॉक्टर आला. मग मी आमच्या डॉक्टरांना विचारायला गेले.

आमचे डॉक्टर माझे विद्यार्थी. खाडीकाठच्या जुन्या मुस्लिम व्यापारी घराण्यातले, घरातले पहिले डॉक्टर. शाळेत असताना त्यांची स्पेलिंगं फार वाईट होती आणि अक्षर त्याहून वाईट. पुढे अक्षराचा त्यांना उपयोग झाला. त्यांच्या दवाखान्याच्या दारात वडपे गावच्या एक मावशी बसतात. नंबर त्या देतात.

"नंबर हाय का?" मावशींनी विचारलं.

"आजारी नाही मी. एक शब्द विचारायचाय फक्त."

"शब्दाला पन नंबर लागतो. बसा."

बसले. तासाभरानं आत गेले आणि माझी अडचण सांगितली. डॉक्टर हसले. "बाई, द्वारपाल मी नाही. द्वारपाल बाहेर बसल्यायत. त्या चिठ्ठी देतात तेव्हा लोक माझ्यापर्यंत येतात." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे बघताना मान तिरकी का करताय?"

"उजेड तोंडावर येतोय."

"खिडकी तुमच्या पाठीमागे आहे, बाई."

मी 'पहिल्या पायरीचा डॉक्टर' असा शब्द घेऊन घरी आले आणि मानेबद्दल कुणाला काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी प्रकाशनसंस्थेतल्या संपादक मुलीचा फोन आला. फार मर्यादेनं बोलणारी मुलगी. "मॅडम, एक शंका होती. तुमच्या कोष्टकात अमेरिकेत गरिबातल्या गरीब माणसालाही डॉक्टर सहज मिळतो, असं आलंय. आणि नेदरलँड्समधले लोक खर्चाच्या भीतीनं डॉक्टरकडे जात नाहीत, असं."

मी मूळ पान काढलं. खिडकीशी नेलं, दिव्याखाली धरलं, भिंग लावलं. तेव्हा दिसलं की मधली एक ओळ माझ्याकडून सुटली होती आणि तिथून खाली प्रत्येक देशाला शेजाऱ्याचे गुण पडले होते. शिकवत असताना मी बेरजेची चूकसुद्धा कधी केली नव्हती, आणि आता एका दुपारीत अर्ध्या जगाची आरोग्यव्यवस्था उलटीपालटी केली होती.

"छपाई बारीक आहे," मी नवऱ्याला म्हणाले.

"असेल."

"आणि तो बल्ब बदला म्हणून मी कधीची सांगतेय."

"बदलला गेल्या आठवड्यात." मग तो शांतपणे म्हणाला, "परवा गल्लीच्या तोंडाशी तू कुणाला म्हणालीस, भाऊ, जरा बाजूला व्हा?"

"होता कुणीतरी. हटला नाही उद्धट मेला."

"सुताचं पोतं होतं ते."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप नंबर लावला. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. शस्त्रक्रिया करून घ्या. मी विचारलं, कुठे? ते सांगणार एवढ्यात मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, सांगू नका, मी अभ्यास करून ठरवते.

घरी कळल्यावर हे वाक्य नवऱ्यानं पुढे वर्षभर पुरवून वापरलं.

मी कोष्टक केलं. तीन रुग्णालयं घेतली. एक ठाण्यातलं, एक गावातलं, एक हायवेच्या बाजूचं धर्मादाय. पुस्तकात देशांना जे निकष लावले होते तेच मी यांना लावले. सोय, तत्परता, समानता, निकाल. मग वही घेऊन चौकशीला निघाले. ठाण्याच्या रुग्णालयात काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "तुमच्याकडे प्रतीक्षा यादी किती मोठी आहे?"

"यादी नाही हो. आत्ता करायचंय का?"

इतकी तत्परता बघून मी घाबरले आणि परत आले.

माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. त्यालाही मोतीबिंदूच. आमच्यात ते वडिलांकडून आलंय. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी विचारलं, "तुझं कधी आहे?"

"नाव लागलंय, ताई. अजून काही महिने जातील. पण इथली एक गोष्ट बघ, काउंटरवर कुणी काही मागत नाही."

"तू काउंटरपर्यंत पोचलायस कुठे अजून?"

तो हसला. मग म्हणाला, "तू तर तीन दारांत उभी आहेस. तुझं का होत नाही?"

नवरा पलीकडे शेंगा सोलत होता. "तिची समिती बसलीये," तो फोनच्या दिशेनं ओरडला. "अहवाल आला की डोळा उघडणार."

अहवाल येईना. महिना गेला. ठाण्याला तत्परता होती पण लांब होतं. गावातलं जवळ होतं पण तिथं मला नीट उत्तरं मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. डोळ्यात कुणी सुरी घालणार, ही गोष्ट माझ्या एकाही रकान्यात बसत नव्हती. हे मी कुणाला बोलले नाही. कोष्टक मात्र रोज सुधारत राहिले.

शेवटी ते घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद नीट वाचला, पूर्वी माझं फळ्यावरचं कधी वाचलं नव्हतं इतका नीट.

"मेहनत घेतलीये," ते म्हणाले. "हायवेवरच्या धर्मादायमध्ये जा. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे."

"कशावरून?"

"गेल्या वर्षी माझ्या अम्मीचा डोळा त्यांनी केला. मी स्वतः आत उभा होतो." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "आणि बाई, भीती अम्मीलाही वाटली होती. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. दुखत नाही."

मी भीतीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. चिठ्ठी घेतली, अक्षर लागलं नाही, आणि त्यात माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आम्ही आठला पोचलो. बाकावर माझ्या शेजारी एक पन्नाशीचा माणूस बसला होता. डोळ्यांत थेंब घातलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. नवऱ्यानं सवयीप्रमाणे बोलणं काढलं. तो आझमगढकडचा, शांतीनगरच्या एका कारखान्यात लूम चालवायचा.

"चलाता था," त्यानं स्वतःच दुरुस्त केलं. "सूत का तार टूटता था, दिखता नहीं था. कपड़ा ख़राब जाने लगा. अब बोरी उठाता हूँ."

"कब से?" मी विचारलं.

"दो ईद निकल गई."

मला राहवलं नाही. सात देशांतली सगळी प्रश्नावली माझ्या तोंडाशी आली. इथं तर उपचार फुकट आहेत, रांगही फार नाही, मग इतके दिवस का थांबलात, असं मी विचारलं.

"दो बार आया था, मैडम. वापस भेज दिया. बोलते हैं साथ में कोई चाहिए, घर ले जाने वाला. मेरे साथ कौन आएगा? कमरे में हम आठ लोग हैं, सबकी ड्यूटी रहती है. कोई पाली छोड़ेगा तो उसकी मशीन दूसरे को."

"आज?"

"आज एक बोला था आऊँगा." त्यानं दाराकडे बघितलं. दार त्याला कितपत दिसत होतं कोण जाणे.

परिचारिका येऊन नावं वाचायला लागली. त्याचं नाव आलं तेव्हा तिनं विचारलं, सोबत कोण आहे? तो पिशवीतले कागद सारखे करत राहिला. ती वाईट नव्हती. नियम तिनं केला नव्हता, आणि पट्टी बांधलेल्या माणसाला एकट्याला हायवेवर सोडणं बरोबरही नव्हतं. ती पुढचं नाव वाचणार एवढ्यात माझा नवरा उठला.

"मी आहे."

"तुम्ही मॅडमबरोबर आहात ना?"

"दोघांबरोबर. मला दोन डोळे आहेत, दोन्ही चांगले आहेत."

तिनं फॉर्म पुढे केला. रुग्णाशी नातं, असा रकाना होता. नवऱ्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं, शेजारी. बाकावर तो शेजारीच होता, त्यामुळे खोटं म्हणता आलं नसतं. त्या माणसाला काय चाललंय ते उशिरा कळलं. कळल्यावर तो उभा राहिला आणि काय करावं न सुचून पुन्हा बसला.

माझ्या शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उजेड, पाणी, डॉक्टरीणबाईंचा शांत आवाज, आणि झालं. दुखलं नाही. परतताना रिक्षात तो लूमवाला आणि मी, दोघं उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून मागे बसलो होतो, नवरा पुढे चालकाला खेटून. आधी शांतीनगरला जाऊन त्याला खोलीपर्यंत सोडलं. नवऱ्यानं थेंबांच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधून दिले. लाल दोरा दिवसातून सहा वेळा, हिरवा चार वेळा. दुकानात सुट्या भागांना असेच दोरे बांधायची त्याला सवय होती. घरी आल्यावर मी म्हटलं, माझ्या बाटल्यांना का नाही बांधले? म्हणाला, तू सुशिक्षित आहेस.

आठवड्याभरानं मला नीट दिसायला लागलं आणि मी घरभर फिरून कोळ्याची जाळी मोजली. नवऱ्याच्या मते मोतीबिंदूच्या काळात घर जास्त स्वच्छ होतं.

मग मी पुस्तकाकडे वळले. कोष्टक नव्यानं उतरवलं, सातही देशांना त्यांचे त्यांचे गुण परत दिले. प्रतीक्षा यादीच्या प्रकरणावर मात्र थांबले. त्यात लिहिलं होतं की वाट बघण्याचा काळ नाव नोंदवल्या दिवसापासून धरतात. माझ्या बाकावरच्या शेजाऱ्याचं नाव दोनदा नोंदवलंच गेलं नव्हतं. कुठल्याही यादीच्या हिशेबात तो एक दिवससुद्धा थांबला नव्हता. मी खाली एक तळटीप लिहिली. चार ओळींची, साधी. ज्यांना सोबत यायला कुणी नाही ते या आकड्यांत कुठे असतात, एवढंच विचारलं होतं.

संपादक मुलीचा फोन आला. "मॅडम, तळटीप वाचली. छान आहे. पण मूळ पुस्तकात नाहीये."

"माहीत आहे."

"काढावी लागेल."

काढली. तिचं बरोबर होतं. अनुवादकानं दुसऱ्याच्या पुस्तकात आपले शेजारी आणून बसवायचे नसतात.

पुस्तक छापून आलं तेव्हा नवरा घरी नव्हता. शेजाऱ्याच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख होती, त्याला घेऊन तो रुग्णालयात गेला होता. पहिल्या डोळ्यावरच मालकानं त्याला दोन लूम परत दिले होते. दुपारी नवरा आला, हातपाय धुतले, पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि वजनाबद्दल काहीतरी बोलला. मग चष्मा लावून पहिलं पान उघडलं आणि जेवण गार होईपर्यंत इंग्लंड वाचत बसला.