मी नाकारते, तू नाकारतेस

लग्न होऊन लकडगंजात आले, तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष शिल्लक होतं. मार्क चांगले पडतात म्हणून मी फ्रेंच घेतलेलं. मुलीला शिकू देऊ, असा शब्द सासऱ्यांनी माझ्या वडिलांना दिला होता. सासूबाईंनी दिला नव्हता.

पाठांतराला जागा एकच, स्वयंपाकघर. मागच्या आरामशीनवर दिवसभर लाकडं चिरली जायची, त्यामुळे मोठ्यानं म्हणावं लागे. कणीक मळता मळता मी क्रियापदं चालवायची. नियमित क्रियापदं गुणाची. एक चालवता आलं की त्या जातीची सगळी येतात. मी, तू, तो यांत 'तू'चा प्रत्यय तेवढा लिहायला वेगळा, कानाला मात्र तिन्ही सारखेच.

मोठ्या जाऊबाई भाजी चिरत ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "राग राग करणे, याले काय म्हणते वं?"

"देतेस्ते. नियमितच आहे."

"मंग तेच चालव."

दोघी मिळून तेच चालवू लागलो. झ देतेस्त, त्यू देतेस्त; मी राग राग करते, तू राग राग करतेस. सासूबाई दारात आल्या की जाऊबाईंचा आवाज चढायचा. सासूबाईंना वाटायचं, कॉलेजचा अभ्यास चाललाय.

एवढा राग कशाचा, ते जाऊबाईंनीच पुढे सांगितलं. लग्नानंतर त्या मॅट्रिकला बसणार होत्या. इंग्रजीच्या पेपराच्या सकाळी सासूबाईंनी आपल्या बहिणींना पुरणाच्या जेवणाला बोलावलं. जाऊबाई पाट्यावर पुरण वाटत राहिल्या आणि तिकडे पेपर होऊन गेला. पुन्हा फॉर्म भरायचं नावही कोणी काढलं नाही.

माझ्या फ्रेंचच्या पेपराच्या सकाळी त्याच बहिणी बॅगा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"पुरणाले लागा दोघी," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी डाळीचं पातेलं शेगडीवरून उतरवलं, खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तू जाय. कोपऱ्यावर रिक्षा भेटते." मग सासूबाईंकडे वळल्या. "आत्याबाई, आज मी रांधत नाही."

"काहून?"

जाऊबाई ताठ उभ्या राहून म्हणू लागल्या, "झ रफ्यूझ, त्यू रफ्यूझ, इल रफ्यूझ, नू रफ्यूझों..."

"हे काय बडबडून राहिली वं?"

"नाही म्हणून राहिली. नू रफ्यूझों म्हणजे आम्ही दोघीही नाही म्हणतो. बहिणी तुमच्या हायत, तुम्हीच रांधा."

बैठकीत बसलेल्या बहिणींना सगळं ऐकू गेलं. सासूबाईंना ओरडताही येईना. मी चपला घातल्या आणि निघाले.

पेपर चांगला गेला. संध्याकाळी परतले तर घरभर करपलेल्या पुरणाचा वास. पाहुण्या कशाबशा जेवून लवकरच्या गाडीनं गेल्या होत्या. जाऊबाई मागच्या पायरीवर वेणी घालत निवांत बसलेल्या. सासूबाईंची बोटं चांगलीच भाजली होती.

"सूनबाई, जराशी हळद लावून दे," त्या म्हणाल्या. त्यांचा इतका मऊ आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"देते," मी म्हणाले. ताट वाढून घेतलं, त्यांच्यासमोर बसून सावकाश जेवले, ताक प्यायले, आणि मग हळदीचा डबा शोधायला उठले.